अरुंधती दिसली म्हणायचं असतं

श्री
मळा, मंगळवार, ७ मे २००२

चि. सौ. सुवर्णा हिला रंगूबाईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझं अंग कसं आहे? डिंकाचे लाडू खा, पाणी कोमटच पी. माझी नात दूध पिते का, नाक कुणाचं घेतलंय, सगळं कळव. मी मळ्यात येईल त्याला पेढा देते. ज्ञानेश म्हणतो, आई, गिऱ्हाइकाला फुलं दे, पेढे काय देतेस.

नाव माझ्याकडून स्वाती. का ते सांगते. रविवारी नाशिकची चांदण्या बघणारी हौशी मंडळी आली होती. शाळेत शिकवणाऱ्या शुभांगीताई त्यांच्यात पुढारी. आपल्याकडं अंधार चांगला म्हणे. अंधाराचंही कौतुक असतं बघ. मोगऱ्याच्या वाफ्याशेजारी दुर्बीण मांडली. दिवस बुडाला तसे मावळतीला पाच ग्रह ओळीनं लागले. शनीला खरंच कडं आहे गं. मी आधी हात जोडले, मग डोळा लावला. वर सप्तर्षी. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं नेला की तांबूस स्वाती, अजून पुढं पांढरी चित्रा. उशिरा विंचू उगवतो म्हणाल्या, पण तोवर मी थांबले नाही. मन उडालं होतं.

त्याचं असं झालं. गुरूच्या बाजूला बारीक चांदण्या दिसतात, त्या बघायला ज्ञानेश वाकला. "दिसलं. लय भारी." मग शुभांगीताईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अहो, गुरू तर कधीच सरकला. नळीत काहीच नाही." सगळे हसले. तोही हसला. मीही.

मंडळी दुर्बीण दुसरीकडं वळवण्यात गुंतली तशी मी त्याला हळूच म्हणाले, ज्ञाना, सप्तर्षीतली अरुंधती दाखव. त्यानं हात केला तो उगवतीला, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या दिव्यांकडं.

तुमच्या लग्नात भटजी म्हणाले अरुंधती बघा, तो म्हणाला दिसली, तूही म्हणालीस दिसली. वर तर ताडपत्री होती. मला तेव्हा हसू आलं होतं, सगळेच तसं म्हणतात म्हणून. आता ते हसू येत नाही.

सुवर्णा, दिवे लागले की तू त्याला "अहो, पायरी" म्हणायचीस. पहाटेच्या अंधारात फुलांच्या टेंपोत त्याच्याशेजारी बसून बाजाराला जायचीस. मला वाटायचं, नवं लग्न आहे, करमत नसेल. एवढं पोट घेऊन चढायचीस, मी ओरडायचे, तू नुसती हसायचीस. तू माहेरी नामपूरला गेलीस आणि आठ दिवसांत टेंपोचा डावा दिवा फुटला. म्हैस आडवी आली म्हणाला. पण म्हशीचा मालक काही भांडायला आला नाही.

तुला माहीत होतं. मी रागावले नाही. तू त्याची लाज राखलीस. पण लाज राखून रस्ता दिसत नाही, बाई.

मी काल त्याला सरळ विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "दिवसा दिसतं ना. टेंपो सोडला तर फुलं डोक्यावर नेऊ का? आणि नामपूरला कळलं तर सासरे काय म्हणतील?" मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तो उठून गेला.

आता खरं काम. बारसं शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी फुलं विकून तसाच टेंपो घेऊन निघणार म्हणतो. लेकीचं तोंड बघायची घाई झालीय. रस्ता पाठ आहे म्हणतो. रस्ता पाठ असेल, समोरून येणारा ट्रक पाठ असतो का? मी नको म्हटलं तर हट्टाला पेटला. तुझं ऐकतो.

फोन दुकानात, चार माणसांसमोर हे बोलवत नाही. म्हणून भिमाजी उद्या कांदा घ्यायला नामपूरला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. तुझ्या वडिलांना काही सांगू नकोस. ज्ञानेशला फक्त निरोप धाड, की सकाळच्या एस.टी.नं आईला घेऊन या, अंधारात आलात तर लेक मांडीवर देणार नाही. मनावर दगड ठेवून धाड.

आत्ताच तो ओट्यावरून विचारून गेला, आई, चावी पाहिलीस का? मी म्हटलं, नाय दिसली. आमच्या घरात आता सगळे असंच बोलतात.

चावी माझ्या कमरेला आहे. तुझा निरोप येईपर्यंत सुटायची नाही.

स्वातीची आजी,
रंगूबाई