तालातोचा दाखला

यको, ६ मे, मंगळवार

प्रिय तालातोताई,

तुला, भावोजींना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. सावादोगो गुरुजींनाही, कारण हे पत्र तेच तुला वाचून दाखवणार. गुरुजी, सावकाश वाचा, आणि मध्येच चष्मा पुसत बसू नका. ताईला वाटतं पत्र संपलं.

मी बरी आहे. उकाडा मरणाचा आहे. पहाटे उठून आत्याला चवळी वाटून देते, भजी तळून झाली की शाळा. आत्या पोटभर जेवायला घालते, त्याबद्दल बोलायला जागा नाही. गणितात मी वर्गात दुसरी आले. पहिल्या वर्षी वर्गात एकोणीस मुली होत्या, आता सात उरल्यात. बोर्डाची परीक्षा तीन जूनला आहे.

ताई, तुझं लग्न ठरलंय. हसू नकोस. नगरपालिकेच्या फळ्यावर कागद लागलाय: तालातो, वय वर्षं अठरा, आणि बुकारी, पाणीपुरवठ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. सतरा तारखेला, शनिवारी. बुकारी म्हणजे आत्याचा धाकटा दीर. सरकारी नोकरी, म्हणून लग्नाची नोंद व्हायलाच हवी म्हणतो.

हे तुझ्या दाखल्यामुळे झालं. हायस्कूलच्या प्रवेशाला जन्मदाखला मागितला, तेव्हा आपल्या घरात तो एकच होता. तू दवाखान्यात जन्मलीस, मी शेतात. गुरुजीच बाबांना म्हणाले, थोरलीचा लावा, ती कुठे शाळेत जातेय. गुरुजी, मी तुम्हाला दोष देत नाही. तो कागद नसता तर मी आज गावात शेळ्या राखत असते. चार वर्षं इथे सगळे मला तालातो म्हणतात आणि मी ओ देते.

आत्या म्हणते, भाचीला कुठे द्यायचं तो हक्क आत्याचा, आपली रीतच आहे. मी म्हटलं, "आत्या, मी पंधराची आहे, तुला माहीत आहे." तर म्हणाली, "वा गं वा! शाळेत बसायला कागद खरा, आणि लग्नाला उभं राहायचं म्हटलं की खोटा? काय ते एक ठरव." बाबांनी निरोप धाडला, आत्या सांगेल तसं. बुकारी वाईट माणूस नाही. मला तो काकासारखा वाटतो, एवढंच.

आता जे टाळत होते ते लिहिते. आमच्या गणिताच्या बाईंनी तक्रार केली, म्हणून शुक्रवारी बालकल्याण कचेरीतल्या बाई शाळेत आल्या. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दाखला ठेवून म्हणाल्या, "अठरा पूर्ण नसतील तर आजच्या आज लग्न थांबवते. हा तुझाच ना?" नाही म्हटलं असतं तर परीक्षेच्या यादीतून नाव तिथेच कापलं गेलं असतं. मी म्हटलं, "हो, माझाच." बाईंनी फाईल मिटली. "मग तू सज्ञान आहेस. नको असेल तर तूच नाही म्हण." आत्याच्या घरात राहून, बाबांचा निरोप आलेला असताना, नाही कसं म्हणतात ते काही त्यांनी सांगितलं नाही. ताई, माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. मी माझ्या तोंडाने अठराची झाले.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. बुकारी म्हणाला, परीक्षा दे, माझी हरकत नाही. मी मनाची समजूत घातली की लग्न झालं तरी परीक्षा पदरात पडेल. तुला कळवणारही नव्हते.

काल गुरुजींची चिठ्ठी आली. तुझ्या लेकीचा दाखला काढायचाय, त्याला आईचा लागतो, तो पाठवून दे म्हणून. ती वाचली आणि आज लिहायला बसले. सतरा तारखेला तालातो बुकारीची बायको झाली की तू कोण राहशील? तुझ्या लेकीची आई म्हणून कुणाचं नाव घालणार? उद्या तिला हायस्कूलला घालायची वेळ आली की तुम्हीही शेजारपाजारी कागद शोधत फिराल. मला फार लाज वाटली, ताई.

तू ये. सतरा तारखेच्या आत ये. पोरीला पाठीशी बांध, गुरुजींना बरोबर आण. नगरपालिकेत जाऊन सांग की तालातो मी आहे, माझं लग्न कधीच झालंय आणि ही माझी मुलगी. मी तिथे असेन. मला विचारलं तर या वेळी खरं सांगेन. आत्या शिव्या देईल, त्या मी ऐकून घेईन. दाखला ताब्यात घे आणि त्याच दिवशी पोरीचा काढ, तिच्या स्वतःच्या नावाचा.

मग मला तुझ्याबरोबर घरी ने. परीक्षेचं काही विचारू नकोस, निदान वाटेत तरी नको.

तुझी धाकटी,
नोपोको