शेवंतीची ऑर्डर

प्रिय शिंकाबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, देव जाणे. पण दुसऱ्या नावाने लिहायला घेतलं की पेनच पुढे सरकत नाही.

परवा तू आईला घेऊन मावशीच्या दुकानात आलीस तेव्हा मी मागे फुलांच्या बादल्या भरत होतो. तुझं लग्न ठरल्याचं मला असं कळलं, पायावर पाणी सांडत असताना. तुझ्या आईला विमानाने येणारी लिली हवी होती. तू म्हणालीस, बाहेरची नको, इथल्या मातीत आत्ता जे फुलतंय तेच हवं. मावशी इतकी खूश झाली की तिने तुम्हाला चहा पाजला. माझी मावशी! मी दुसरा कप मागितला तर डोळे वटारते. मग तिने मागचे वाफे दाखवले. गुलाब होता, ग्लॅडिओलस होता. तू सरळ शेवंतीपाशी गेलीस. व्यासपीठावर, टेबलांवर, माझ्या केसांत, सगळीकडे हीच, म्हणालीस. आणि ओढणी नाकाशी धरलीस. आईला वाटलं, पोरगी लाजली.

मी बादली तशीच धरून उभा होतो.

कॉलेजच्या समारंभात याच शेवंतीने तुझा श्वास अडकला होता. ओठ निळे पडले होते. मी तुला उचलून दवाखान्यात नेलं, मग परत येऊन व्यासपीठावरच्या सगळ्या माळा ओरबाडल्या, प्राचार्यांशी नको ते बोललो आणि कॉलेजला कायमचा रामराम ठोकला. डॉक्टरांनी तुला बजावलं होतं, पुन्हा या फुलाच्या जवळपास फिरकू नकोस. घरी तू गर्दीने चक्कर आली म्हणालीस, नाहीतर उचलून कोणी नेलं तेही सांगावं लागलं असतं. म्हणजे हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे.

आधी डोकं फिरलं. विळा घेऊन अख्खा वाफा आडवा करणार होतो. मग विळा खाली ठेवला. स्वतःला समजावतोय की तू बरी झाली असशील, मीच वेडा काहीबाही जोडतोय. तसं असेल तर हस माझ्यावर, पोटभर हस. पण तुझी ती ओढणी डोळ्यांपुढून हलत नाही.

मावशीला सगळं सांगून टाकलंय. मला आधी शिव्या घातल्या, मग म्हणाली, त्या लग्नाला शेवंतीची पाकळीसुद्धा जाणार नाही. गुलाब जातील, नाहीतर काहीच जाणार नाही. माझ्याकडे ये असं म्हणायला हे पत्र लिहीत नाहीये, शप्पथ. हे लग्न नको असेल तर तोंडाने नाही म्हण गं, श्वासाने म्हणू नकोस. एकटीने जमत नसेल तर मावशी येऊन शेजारी बसेल, मी फाटकाबाहेर थांबेन, गप्प. पत्र मिळालं की दुकानात फोन कर. बोलता आलं नाही तर नुसती शिंक. मी फोनपाशीच आहे.

तुझाच,
भडक्या