धूर नसलेला विस्तव

सोनई, ता. २२ ऑगस्ट १९७१

ती. स्व. ताईस,
शामकांतचा शि. सा. न. वि. वि.

गोबरगॅस सुरू होऊन चार महिने झाले, तरी रोज सकाळी शेगडीपुढे मी मुलासारखा उभा राहतो. चार जनावरांचं शेण, आणि त्यातून ही निळी, मुकी ज्योत! धूर नाही, काजळी नाही. शोभाचे डोळे निवळले. परवा तिने स्वतः सुईत दोरा ओवला.

पण एक गोष्ट डायरीत लिहूनही मन हलकं होईना. शेजारच्या मनकर्णाबाईंची चूल उघड्या अंगणात, म्हणून त्यांच्या ज्वारीच्या बियाण्याची कणसं दर साल आमच्या चुलीवर आढ्याला टांगलेली असतात. आजेसासूपासूनचं वाण, बाजारात मिळत नाही. गॅस पेटला त्या दिवशी त्यांनी ज्योतीला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, 'गुरुजी, इस्तू लई गुणाचा हाय, पर ह्याला धूर न्हाई. मंग बियान्याची राखन कोन करनार?' मी हसलो, आणि ज्वलनाचं शास्त्र समजावून सांगितलं.

काल कणसाला हात लावला तर पीठ गळलं. किडीने दाणे पोखरलेत. त्यांना अजून माहीत नाही. पेरणी महिन्यावर आली. काय करू?

लोभ असाच पाठीशी असू दे.

तुझा
शामकांत

खर्डा, ता. २९ ऑगस्ट १९७१

चि. शामकांत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मनकर्णाबाई भिंतीपलीकडे, आणि तू विचारतोस खर्ड्याला! डायरीत कबुली देऊन तू मोकळा होशील, पण त्यांना डायरी वाचता येत नाही. जे धड दाणे निघतील ते ओल्या फडक्यात बांध, मोड येऊ देत, आणि फडकं घेऊन जा. रिकाम्या हाताने क्षमा मागू नये.

शोभाच्या सुईदोऱ्याचं वाचून मला रडू आलं. आमच्या चुलीच्या धुरात ते खपून गेलं.

तिलाही आशीर्वाद. लोभ आहेच.

दमयंती

सोनई, ता. १० ऑक्टोबर १९७१

ती. स्व. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सगळी कणसं झाडून मूठभर दाणे निघाले. मोड आले सतरांना. फडकं त्यांच्यापुढे उघडलं आणि सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी एकेक मोड बोटाने मोजला. मग म्हणाल्या, 'सतरा तर जित्ते हायती की! आवं, एक दाना म्हंजी एक कनीस. आनि माज्या बियान्यापायी शोभावैनीनं इतकी वर्सं धूर खाल्ला, ते म्या कवा इचारलं वो?'

ताई, मी शिकलेला. हा हिशेब मला कधी सुचला नव्हता.

शेतात त्यांनी यंदा बाजारचं बियाणं पेरलं. हे सतरा मोड मात्र आमच्या गॅसच्या टाकीमागे स्वतः लावले, गॅस देऊन उरलेली शेणाची रबडी जिथे बाहेर पडते तिथे. एक आमच्याच गाईने खाल्लं. सोळा गुडघ्याच्या वर गेलेत. पुढली कणसं धुरात टांगायला त्यांनी आपल्या चुलीवर पत्रा टाकून घेतलाय.

सकाळी मी आता शेगडीपुढे उभा राहत नाही. टाकीमागे जातो.

आजवर केलास तसाच लोभ पुढेही करावा.

तुझा
शामकांत