बाटलीला मारलेली टिचकी

अप्पा, तुमच्या बाटलीचा दिवा झाला असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ते खरं नाही. तिच्याआधी तुम्हाला सांगायचं ठरवलं, कारण तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली आणि तुम्ही मध्येच बोलणार नाही.

मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊक नाही. माझा इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा तुम्ही नव्हता. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आम्ही चौघी टेबललॅम्प बनवतो. पुण्याचा एक व्यापारी जपानहून साकेच्या, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूच्या, जुन्या भाजक्या मातीच्या बाटल्या पेट्या भरून मागवतो. त्यांना भोक पाडणं आणि वायरिंग माझ्याकडे असतं. बाटली वाळूच्या बादलीत उलटी रोवायची, तळाभोवती कणकेचं आळं करून त्यात पाणी ओतायचं, ड्रिलचा पोकळ बिट कमी फेऱ्यांवर ठेवायचा आणि हाताचा भार अजिबात द्यायचा नाही. पण हे सगळं नंतर. आधी प्रत्येक बाटलीला नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, बाजूला ठेवायची. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मंद्रूपच्या बाजारात माठ घेताना तुम्ही कुंभारणीपुढे उकिडवे बसलात, एकेक माठ वाजवलात, आणि ती म्हणाली, "माठ घ्यायला आलाय का तबला?" तुम्ही हसलात आणि आणखी दोन वाजवलेत. मी तुमच्या गुडघ्याला टेकून ऐकत होते.

तुमची बाटली आपल्या घरी आली तेव्हा मी पहिलीत होते. टॉवेलच्या कारखान्यात नवे माग बसवायला जपानहून इंजिनिअर आला होता आणि तुम्ही त्याच्याबरोबर दीड महिना वायरिंग केलंत. जेवायला तुम्ही त्याला घरी आणायचात. तो खाली मांडी घालून बसे, भाकरी मोडायला आईकडून शिकला होता. परत गेल्यावर त्याने ती बाटली पाठवली. त्याच्या आजोबांच्या दुकानाची, तपकिरी, अंगावर कुंचल्याने काढलेली काळी अक्षरं. दुकानाचं नाव आहे, गिऱ्हाइकाने बाटली रिकामी झाली की परत आणून द्यायची म्हणून, असं तुम्ही सांगायचात. ज्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नव्हतं तिथे दारूची बाटली देवाच्या फळीशेजारी बसली. "हिचा दिवा करणार," तुम्ही म्हणायचात. "कवा?" आई विचारायची. कारखान्याचं ड्रिल घरच्या कामाला आणायचं नसतं, हे तुमचं उत्तर दर वर्षी तेच.

सहावीत असताना दिवाळीच्या साफसफाईत मी ती पुसायला खाली घेतली. ठेवताना फळीवर जरा आवाज झाला. तुम्ही दारातून आलात, बाटली माझ्या हातातून काढून घेतलीत, उजेडाकडे धरून तळ बघितलात. मग म्हणालात, "तुझ्या हाताला लई घाई हाय. नाजूक वस्तू तुझ्या हातात द्यायची न्हाय." ओरडला नाहीत. त्यानंतर तुम्ही मला फ्यूजसुद्धा बांधू दिला नाहीत. मी हे कुणाजवळ बोलले नाही. मी फक्त सावकाश झाले. आज शेडमध्ये माझ्या हातून बाटल्या सगळ्यांत कमी फुटतात आणि माझं काम सगळ्यांत उशिरा संपतं.

यंदा आई म्हणाली, "लोकांच्या बाटल्यांचे दिवे करतीस, आन् घरातली तशीच हाय की." मी ती शेडमध्ये नेली. वाळू, कणीक, पाणी, सगळं नेहमीसारखं. बिट दोन मिलिमीटरसुद्धा आत गेला नसेल, तोच तळ एका गोल तुकड्यात सुटला आणि त्याबरोबर एका बाजूची भिंत अक्षरांपर्यंत फाटत गेली. तुकडे धुतले तेव्हा दिसलं. तळाच्या कडेने सगळीकडे जुना, पिवळा पडलेला गोंद होता आणि बाहेरून सांध्यावर तपकिरी ऑइलपेंटची बारीक रेघ. तो आपल्या दरवाजाचा रंग आहे. दरवाजा तुम्ही रंगवलात तेव्हा मी चौथीत होते, आणि रंगाचा डबा त्याच वर्षी संपला. माझ्यावर रागावलात तेव्हा सहावीत. म्हणजे त्या दिवशी तुमच्या हातात फुटलेलीच बाटली होती आणि ती फुटलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं. ड्रिल घरी का आलं नाही, तेही मला त्याच वेळी कळलं.

मी पेटीतून त्याच मापाची, त्याच रंगाची बाटली काढली. अक्षरं वेगळी आहेत, पण ती आपल्या घरात कुणालाच वाचता येत नाहीत. तिला भोक पाडलं, वायर ओढली, होल्डर बसवला आणि दिवा फळीवर नेऊन ठेवला. तुमचे तुकडे माझ्या कपाटात जुन्या टॉवेलात बांधलेले आहेत. आईला माझं सांगायचं तर तुमचंही सांगावं लागतं, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हीही असेच गप्प राहिला असाल, आणि हे साम्य मला आवडलेलं नाही.

आईने दिवा लावून बघितला, बंद केला. मग बाटलीला नखाने टिचकी मारली.

"आता खणखणीत वाजतीया की गं," ती म्हणाली. "आधी लई बद्द वाजायची."

मी तिच्याकडे बघितलं. ती दिव्याच्या कापडी टोपीवरची घडी सरळ करत होती. "चा टाकू का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिला किती माहीत आहे आणि कधीपासून, हे मी विचारलेलं नाही. ती रोज संध्याकाळी दिवा लावते.

तुमच्यावर मला अजून राग आहे आणि हा कागद त्याच टॉवेलात जाणार आहे, म्हणून एवढं लिहून ठेवते. घरची वस्तू म्हणून ती बाटली मी न वाजवताच घेतली, असं मी शेडमध्ये सांगितलं. मी वाजवली होती, अप्पा. दोनदा. बद्द आवाज ऐकला, आणि तरीही बिट लावला, कारण ती माझ्या हातात फुटणार नाही हे मला तुम्हाला दाखवायचं होतं.