मेंढ्याच्या पोटाखालचा प्रयोग

पालम, रविवार

ती. आईस, हेरंबचा दंडवत.

मी मजेत आहे. अक्षर डाव्या हाताचं आहे, कारण उजव्याला प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाले, नावापुरतंच.

सातवीला एका ग्रीक वीराची गोष्ट सांगत होतो. नाव अवघड, म्हणून मुलं त्याला उदासराव म्हणतात. एकडोळ्या राक्षस मेंढरं पाळत असतो. गुहेत कोंडलेला उदासराव त्याचा डोळा फोडतो. आंधळा राक्षस दारात प्रत्येक मेंढरावर हात फिरवून बघतो, तरी उदासराव मेंढ्याच्या पोटाला लटकून निसटतो. यावर बबिता, धनगराची पोर, उठून म्हणाली, "सर, खोटं हाय. नुसता हात लावला की मेंढा वळखू येतो."

मी हट्टाला पेटलो. दुसऱ्या दिवशी तिचे वडील बिरू मेंढा घेऊन शाळेत आले. त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधला, मी मेंढ्याखाली लटकलो. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, मेंढ्याला गुंड्या नसत्यात."

मुलं खदखदून हसली, मेंढा बिथरला आणि माझ्या मनगटावर पाय देऊन गेला. सगळे आधी मेंढ्यालाच लागलं का ते बघायला धावले.

मग बिरू उरलेली गोष्ट ऐकायला वर्गात बसले. शेवटी त्यांनी विचारलं, "डोळा गेल्यावर त्याची मेंढरं आता कोण राखायलाय?"

पुस्तकात ते नाही.

आई, तुझ्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनची तारीख कळव. "शेजारच्या काकू आहेत, काळजी करू नकोस," असलं काही लिहू नकोस. मी रजेचा अर्ज दिला आहे.

तुझ्याकडे यायला निघालेला,
हेरंब