एणाचा फोंटा

२ ऑक्टोबर, शुक्रवार

लागला! दुर्गापूजेचा पिक्चर लागला. एणा नायिका, मी नायक — आमच्या जोडीचा बारावा.

सकाळपासून दोनदा दाढी केली, दुसऱ्यांदा कापलं. भवतोषबाबूंचा फोन अकराला येणार होता, आला चारला. भवतोष कुंडू, बाराही पिक्चरचे निर्माते, पण आवाज मात्र दरवर्षी नव्या निर्मात्यासारखा घाबरलेला. म्हणाले, मॅटिनी बरी आहे. बरी! ताप उतरलेल्या माणसाला म्हणतात तसं बरी? गेल्या पूजेला मॅटिनीला पोलीस बोलवावे लागले होते.

मधे दोन पिक्चर आपटले. एकात माझ्यासमोर दुसरी नायिका होती, दुसऱ्यात एणासमोर दुसरा नायक. म्हणजे लोकांना नुसता मी नको, नुसती एणाही नको. जोडी हवी. हे मला कळलंय, भवतोषबाबूंना कळलंय, टालीगंजच्या स्टुडिओबाहेरच्या चहावाल्यालाही कळलंय. पुढच्या पिक्चरचा करार कालीपूजेनंतर. हा चालला तर.

३ ऑक्टोबर

फोन नाही. आरशात पाहिलं. कपाळ वाढतंय.

४ ऑक्टोबर, षष्ठी

राहवलं नाही. माकडटोपी घालून श्यामबाजारच्या हॉलमध्ये जाऊन बसलो, मागच्या रांगेत. ऑक्टोबरात माकडटोपी! घामानं निथळत होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कान दुखतोय का. हो म्हणालो. त्यानं मोहरीचं तेल सुचवलं.

नौकेतलं गाणं ऐन रंगात आलं आणि वीज गेली. अंधारात शिट्ट्या, शिव्या, आणि मग काय झालं — लोकांनी उरलेलं गाणं स्वतःच म्हणून टाकलं. बायकांच्या रांगेतून ऐकू आलं, "ह्या दोघांचं खऱ्यातही आहे हो! असं कुणी नुसतं पैशासाठी बघत नाही." दुसरी म्हणाली, "मग लग्न का करत नाही मेला?"

वीज आली. उरलेला पिक्चर मी पाहिला की नाही आठवत नाही. दिवसभर खुशीत होतो, आणि का ते स्वतःलाच विचारलं नाही.

९ ऑक्टोबर

काल देवी गेली. आज विजयेच्या, म्हणजे दसऱ्यानंतरच्या, भेटी. दर वर्षीसारखी एणा आली, मासीमांना — तिच्या आईला — घेऊन. वाकून पाया पडली. मी दर वर्षीसारखं "राहू दे, राहू दे" म्हणालो. नारळाचे नाडू, म्हणजे लाडू, खाऊन झाले, पिक्चरच्या गप्पा झाल्या. मग मासीमांनी पदर सावरला. त्या पदर सावरतात तेव्हा मला धडकी भरते.

एणाचं लग्न ठरत आलंय. मुलगा दुर्गापूरला, पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. पल्लव नाव. घर चांगलं, मुलगा चांगला, देणंघेणं काही नाही. अडचण एकच: मी. सिनेमाच्या मासिकांतून नऊ वर्षं आमच्याबद्दल जे छापून येतंय ते मुलाची आत्या जपून ठेवत आलीय म्हणे. तर मासीमांनी तोड काढली आहे. भाऊबीजेला एणानं मला फोंटा, म्हणजे चंदनाचा टिळा, लावायचा, चारचौघांत, फोटोवाल्यांना बोलावून. एकदा कपाळाला बहिणीचं बोट लागलं की कुणाची जीभ उचलायची नाही.

"तुला भाऊ मानतेच की ती," मासीमा म्हणाल्या. "सौगतदा, सौगतदा करत असते दिवसभर."

दा, म्हणजे दादा, तर इथे सगळ्यांनाच म्हणतात! नवऱ्याला लग्नाआधी दा म्हणणाऱ्या शंभर बायका मी दाखवतो. त्यानं काही बिघडत नाही. फोंट्यानं बिघडतं.

एणा सबंध वेळ नाडूच्या ताटलीकडे बघत होती. मी म्हणालो, बघू. 

१० ऑक्टोबर

बघू काय बघू! भवतोषबाबूंना फोन केला. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

मग म्हणाले, "सौगतबाबू, बहीण-भावाला नौकेत बसवून गाणं म्हणायला लावलं तर लोक माझ्या हॉलच्या खुर्च्या फाडतील. फोंटा घ्यायचा तर घ्या. पण मग करार विसरा."

आणि फोंटा नाही घेतला तर? मुलीचं लग्न मोडेल, आणि सगळे म्हणतील बघा, होतंच काहीतरी. हे मी भवतोषबाबूंना विचारलं. त्यांचं म्हणणं, लग्न मोडलं तर पिक्चरला बरंच. आणि ठेवलाच फोन. चांगला माणूस आहे, पण धंद्यात पडलाय.

एक्केचाळीस वर्षांचा मी. लग्न केलं नाही, कारण पहिल्या पिक्चरच्या वेळी ह्याच भवतोषबाबूंनी सांगितलं होतं की लग्न झालेला नायक म्हणजे अर्धं तिकीट. चोविसाव्या वर्षी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

१३ ऑक्टोबर

जेवलो नाही. मग जेवलो.

१६ ऑक्टोबर

बडदी आली. माझी थोरली बहीण, पायरी चढण्याआधीच बोलायला सुरुवात करणारी. तिला सगळं कळलंय. मासीमांनी तिलाही घोळात घेतलंय. घरभर फिरली, पडद्यांना वास येतो म्हणाली, सिगारेटची राखदाणी खिडकीबाहेर रिकामी केली. मी माझं रडगाणं गायलं — जोडी, करार, हॉल, भवतोषबाबू, वय.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तुला फोंटा लावतेय. एकदा तरी घाबरलास?"

म्हटलं तुझी गोष्ट वेगळी.

"तेच म्हणतेय मी. ज्या मुलीच्या फोंट्याला माणूस इतका घाबरतो ना, तिला त्यानं सरळ मागणी घालावी. पण तुझ्यात कुठली हिंमत! तुला संवाद दुसऱ्यानं लिहून द्यावे लागतात."

मी हसलो. फार मोठ्यानं हसलो, पडद्यावर हसतो तसं. ती हसली नाही. जाताना पडदे काढून धुवायला घेऊन गेली. आता खिडक्या उघड्या आहेत आणि समोरच्या गच्चीवरची पोरं हात हलवतायत.

१७ ऑक्टोबर

बडदीला काय कळतं सिनेमातलं.

२१ ऑक्टोबर

स्टुडिओत दोन ठिकाणचे संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे होते, बाहेरगावच्या प्रतींसाठी. एणा आणि मी एकाच माइकसमोर. संवाद असा: ती म्हणते जाऊ नका, मी म्हणतो थांबून काय करू. चार वेळा चुकलो. मी! ध्वनिमुद्रक चहा प्यायला निघून गेला.

आम्ही दोघंच मागे आंब्याखालच्या बाकावर बसलो. ती मातीच्या कपातला चहा फुंकत होती. तिनंच विषय काढला.

"सौगतदा, तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. पण कारण सांगा. एक कारण पुरे आहे. मी आईला सांगेन, लग्नालाही नाही म्हणेन."

मी म्हणालो, "जोडी तुटेल. भवतोषबाबू करार करणार नाहीत."

ती थांबली. माणूस दार उघडं धरून थांबतो तशी थांबली. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"मग या. साडेनऊपर्यंत या, उन्हं चांगली असतात फोटोला."

चहा टाकून आत गेली. नंतरचे सगळे संवाद एका दमात बरोबर आले. ध्वनिमुद्रक म्हणाला, वा!

खोटं बोललो. इथे तरी लिहितो: खोटं बोललो. मला ती हवी आहे. नौकेत नको, गाण्यात नको — ह्या घरात हवी, पडद्यांना वास येतो म्हणून कटकट करायला. चौथ्या पिक्चरपासून हवी आहे. बर्धमानला पावसात गाडी बंद पडली होती, आणि तिनं साडी खोचून सगळ्यांबरोबर धक्का मारला होता, तेव्हापासून. आणि आज तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून भवतोष कुंडू निघाला! सतरा वर्षं दुसऱ्याचे संवाद म्हणून म्हणून माझं स्वतःचं एक वाक्यही उरलं नाही. बडदी खरं बोलली. मेली नेहमी खरंच बोलते.

२२ ऑक्टोबर

सांगायचं. ह्या आठवड्यात सांगायचं. तोंडावर.

२३ ऑक्टोबर

फोन केला. मासीमांनी उचलला. मी पिक्चरबद्दल बोललो.

२५ ऑक्टोबर, रविवार

भवानीपूरला गेलो. चांगला झब्बा घातला होता. वाक्य पाठ करून गेलो होतो, हसू नये कुणी — चक्क पाठ करून.

दारातच चपलांचा ढीग. दुर्गापूरची मंडळी आलेली! आत्या, काका, आणि पल्लव. मासीमांनी मला हाताला धरून आत नेलं, "हा आमचा सौगत, घरचाच मुलगा" म्हणून बसवलं, आणि समोर लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि हरभऱ्याच्या डाळीची बशी ठेवली. आत्या माझ्याकडे मासिकातल्या फोटोशी ताडून बघत होत्या. पल्लव मला वाईट वाटावा अशी फार इच्छा होती. पण तो उठून उभा राहिला, मला स्वतःची खुर्ची दिली, आणि हळूच म्हणाला की त्याच्या आईसाठी सही हवी आहे, ती गुडघ्यांमुळे येऊ शकली नाही. मी सही दिली. आईचं नाव विचारून दिली.

एणा वाढत होती. माझ्याजवळ आली तेव्हा विचारलं, "काही काम होतं?"

नाही म्हणालो. सहजच.

सात लुच्या खाल्ल्या. घरी येईपर्यंत पोटात दुखत होतं.

२७ ऑक्टोबर

कालीपूजा. फटाके. दारं लावून बसलो.

२९ ऑक्टोबर

सकाळी आधी बडदीकडे. तिनं फोंटा लावला, डोक्यावर धान आणि दूर्वा टाकल्या, आणि काहीच बोलली नाही. बडदी गप्प बसली की घर ओळखू येत नाही. निघताना फक्त म्हणाली, "अजून रस्त्यात वळता येतं." मी वळलो नाही.

साडेनऊला भवानीपूर. व्हरांड्यात आसन मांडलेलं. समई, चंदन, पाच तऱ्हेची मिठाई, आणि चार फोटोवाले. दुर्गापूरची आत्या खुर्ची पुढे ओढून बसलेली. मी आसनावर बसलो. एणा समोर बसली, पांढरी लाल काठाची साडी, केस ओले. डाव्या हाताची करंगळी चंदनात बुडवली. बोट थरथरत होतं. ते मी एकट्यानंच पाहिलं असेल, कारण मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो. भावाच्या कपाळी फोंटा, यमाच्या दारात काटा, असं जे म्हणतात ते तिनं म्हटलं, आणि बोट टेकवलं. मासीमांनी शंख फुंकला.

मग एक फोटोवाला म्हणाला, माझा दिवा लागला नाही. अजून एकदा.

पुसलं. पुन्हा लावला. आता दुसरा म्हणाला, बाईंचा चेहरा इकडे हवा. पुसलं. तिसऱ्यांदा लावला. तीन टेक! आणि तिसऱ्या वेळी बोट अजिबात थरथरलं नाही. हसली पण. नऊ वर्षं तिच्यासमोर काम केलंय, ते हसणं मला ठाऊक आहे. ते ती कॅमेऱ्याला देते.

मी साडी दिली. तिनं पाया पडून घेतली. मी "राहू दे" म्हणालो नाही. म्हणताच आलं नाही. आत्याबाईंचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, आमचाच गैरसमज.

घरी येऊन कपाळ धुतलं नाही. मूर्ख आहे मी.

३० ऑक्टोबर

सगळ्या पेपरांत. फोटो चांगले आलेत. मी भावासारखा दिसतोय.

५ नोव्हेंबर

भवतोषबाबूंचा फोन नाही. आठवडा होत आला, नाहीच. चितपूरहून जात्रा कंपनीचा, फिरत्या नाटकवाल्यांचा, माणूस आला होता, पायघड्या घालत. गावोगाव तंबू, माझं नाव मोठ्या अक्षरांत. हे लोक कधी येतात ते सगळ्यांना माहीत आहे. पडद्यानं सोडलं की येतात. चहा पाजून परत पाठवला. मग त्याच्यामागे फाटकापर्यंत जाऊन पत्ता मागून घेतला.

करार जाणार हे ठाऊकच होतं. गंमत म्हणजे त्याचं काही वाटत नाहीये. वाटायला हवं होतं. ह्याच करारापायी त्या बाकावर तोंड शिवून बसलो होतो ना!

१२ नोव्हेंबर

भवतोषबाबू मिठाई घेऊन आले. पिक्चर पुन्हा भरलाय — बायका भावांना हाताला धरून आणतायत, नौकेतल्या गाण्याला शिट्टी नाही, लोक डोळे पुसतात. एणाचं लग्न ह्याच महिन्यात. लग्नानंतर काम करायला सासरची ना नाही, पण करायचं तर फक्त माझ्याबरोबर, परक्या नायकांबरोबर नाही. भवतोषबाबूंनी पाच पिक्चर जाहीर करून टाकलेत. पाचांतही आम्ही बहीण-भाऊ. एणानं सही केली होती. तिच्याखाली मी केली.

जोडी वाचली.