सगळ्यांचे श्वास अठरा

ता. ३

ती. वन्संना धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचे बंधुराज आठच्या बसने घेऊन येतील. ड्रायव्हरच्या खिशातलं टपाल आहे, तेव्हा चुरगळलेलं निघालं तर दोष माझा नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही प्रत्येक वाक्याला हो म्हणता, त्यापेक्षा हे बरं.

तापाच्या वॉर्डात नवा तक्ता आणलाय, हे मागे कळवलंच होतं. सेप्सिसचा, म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच जिवावर उठतं त्याचा, संशय आला की तीन गोष्टी बघायच्या. श्वास मिनिटाला बावीस किंवा जास्त आहे का, रक्तदाबाचा वरचा आकडा शंभर किंवा त्याखाली आहे का, आणि माणूस बोलण्यात, भानात नेहमीसारखा आहे ना. प्रत्येक बिघाडाला एक गुण. दोन गुण झाले की जीव जाण्याचा धोका मोठा, म्हणून डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं, रक्त तपासायला धाडायचं, औषध तासाच्या आत सुरू. वॉर्डातल्या साऱ्याजणी त्याला यमाची मार्कशीट म्हणतात. तो आणायचा हट्ट माझा.

वन्सं, तो तक्ताच नापास झालाय. परवा एक रंगारी गेला. घरं रंगवायचा, नखांत निळा रंग तसाच होता. हाताला पत्रा लागून जखम चिघळली होती. तक्त्यावर त्याला एकच गुण, रक्तदाबाचा. म्हणून कुणी धावलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो संपला. असे तिघं झाले. थोरले डॉक्टर म्हणाले की मरणारा माणूस या कागदावर ठणठणीत दिसतो, मग हा कागद हवा कशाला. पंचवीस तारखेच्या बैठकीत तो बंद करणार आहेत. त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही. चादरींच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. रंगाऱ्याची बायको अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तुम्ही काय ते सांगा. माया आहेच, थोडी अक्कलही पाठवावी ही विनंती.

तुमची धाकटी

ता. ५

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

पत्र पोचलं, चुरगळलेलंच. रडून झालं असेल तर कामाचं बोलते.

तक्त्याला बोल लावण्याआधी आतल्या आकड्यांना विचार. उद्या गेल्या गेल्या सगळे जुने कागद काढ, आणि श्वासाच्या रकान्यात अठरा किती वेळा लिहिलंय ते बघ. चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. ताप यंत्र सांगतं, नाडी यंत्र सांगतं, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास तेवढा जवळ थांबून मोजावा लागतो, आणि थांबायला सवड कुणाला? मग वरच्या ओळीत अठरा, म्हणून खालच्या ओळीत अठरा. धावत जिना चढून आलेल्याचे अठरा, घोरणाऱ्याचे अठरा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता मोजायचं कसं ते सांगते. श्वास मोजतेय असं म्हणालीस की माणूस फोटो काढायला बसल्यासारखा शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असा आव आणायचा आणि नजर छातीवर ठेवायची. अख्खं मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या हुशार मुली माझ्या हाताखाली टिकल्या नाहीत, तुझ्याही टिकू देऊ नकोस.

भावाला म्हणावं, वळणावर बस हळू घे. दोघंही सुखात असा, आणि कळवत राहा.

तुझी वन्सं

ता. १८

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

एकशे चाळीस कागद काढले. एकशे सतरांवर अठरा. उरलेल्यांतल्या बहुतेकांवर वीस, म्हणजे तेवढ्यांना जरा दम लागला होता असं धरायचं!

मग रंगाऱ्याचा कागद पाहिला. अठरा तिथेही होते, आणि अक्षर माझं होतं. तो मोठ्याने धापत होता हे मला आजही ऐकू येतं, आणि मी अठरा लिहिले. वन्सं, खरा आकडा लिहिला असता तर दोन गुण झाले असते. तो कागद घेऊन मी साऱ्याजणींसमोर उभी राहिले आणि हे मी केलंय असं सांगितलं. वाटलं होतं तोंडावर हसतील. एकेक जण आपापला कागद शोधून घेऊन आली.

त्या दिवसापासून मोजतोय. पहिले दोन दिवस नाकी नऊ आले. एकीचे मोजताना ओठ हलतात, त्यामुळे पेशंट विचारतो की जप कसला चाललाय. दुसरी इतकी टक लावून बघते की एका आजोबांनी लाजून पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. पण आकडे काय निघाले! चोवीस, सोळा, एकतीस, एकोणीस. माणसागणिक वेगळे.

काल एक सुतार आला, पायात खिळा गेलेला. हसतखेळत होता, ताप बेताचा. श्वास सत्तावीस, रक्तदाब शहाण्णव. दोन गुण. औषध चाळीस मिनिटांत गेलं. आज तो खाट कुरकुरते म्हणून हत्यारं मागतोय. थोरल्या डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून पाहिला. बैठक मात्र ठरल्या दिवशीच आहे.

रंगाऱ्यासाठी आता काही करता येत नाही, पुढच्यांसाठी करते आहे. पाठीवर हात असू द्यावा.

तुमची धाकटी

ता. ४२

चि. भाऊस, चि. सौ. धाकटीस

पत्र पोचलं. चुरगळलेलं. शाबास म्हणायचं होतं, ते शाबास. चार दिवस लघवीला जळजळ आहे, काल हुडहुडी भरली, शेजारच्या शिंपीणबाईंनी पाणी आणून दिलं. बैठकीत घाबरू नकोस. शिंपीणबाईंनी पाणी आणून दिलं. त्याच चिठ्ठी स्टँडवर देतील.

आई जेवली का ते कळव. तिला वाट बघायला लावू नका, ती थांबून राहते.

माझी काळजी नको. मी मोजलाय, श्वास अठरा आहे.

आशीर्वाद आशीर्वाद

ता. २७

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दहा पावलांवर, काचेपलीकडे झोपला आहात आणि मी पत्र लिहितेय. गेल्या तीन दिवसांतलं तुम्हाला काही आठवणार नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणून सगळं लिहून ठेवते.

चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता तुमची चिठ्ठी हातात पडली. तुमचे बंधुराज हसत होते, की ताईला म्हातारपणी डॉक्टर व्हायचंय वाटतं, अक्षर बघ. मी वाचली, आणि पुन्हा वाचली. बेचाळीस तारीख. तेच वाक्य दोनदा. आणि सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, वन्सं. भानाचा एक गुण तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून पाठवला होता.

आणि ते अठरा! लोका सांगे ब्रह्मज्ञान! ते वाचूनच कळलं की तुम्ही मोजलेच नाहीत.

शिंपीणबाईंना फोन लावला. त्या घरी परतल्याच होत्या. त्यांना सांगितलं की मनगट धरा, नाडी बघताय असं दाखवा आणि छाती वर येईल तशी मोजा, मिनिट झालं की मी इथून सांगते. त्या म्हणाल्या की कापड मोजणाऱ्या बाईला मोजणं शिकवू नकोस. तेहतीस. दोन गुण झाले, तेही घरबसल्या.

कागद घेऊन थोरल्या डॉक्टरांच्या खोलीत न विचारता शिरले. कागद त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं की ही माझी नणंद आहे, तिला दोन गुण आहेत आणि मला रुग्णवाहिका आत्ता हवी आहे. त्यांनी पेशंट कुणी तपासलाय असं विचारलं. मी सांगितलं, शिंपीणबाईंनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि फोन उचलला. रुग्णवाहिकेत तुमचा रक्तदाब अठ्ठ्याऐंशी निघाला. तीनपैकी तीन. शाळेत तरी असे गुण मिळाले होते का? औषध गाडीतच सुरू झालं. बंधुराज बस दुसऱ्याच्या हवाली करून दाराशी बसून होते, आणि रडायचे थांबत नव्हते. मी रडले नाही. मला मोजायचं होतं.

काल तुम्ही डोळे उघडलेत आणि उशी टणक आहे अशी तक्रार केलीत. जीव भांड्यात पडला.

बैठक झाली. मोजायला लागल्यापासूनचे साठ पेशंट मांडले. दोन किंवा जास्त गुणांचे अकरा, त्यातले दोन दगावले, आठ बरे होऊन घरी गेले किंवा जातील, आणि अकरावं तुम्ही. बाकीच्या एकोणपन्नासांत एकही दगावला नाही. थोरले डॉक्टर म्हणाले की तक्ता बरोबर होता, आपण खोटं लिहीत होतो. एक तारखेपासून तो सगळ्या वॉर्डांत लागणार आहे. आमच्या पोरी एवढ्या ओरडल्या की शेजारच्या वॉर्डातून गप्प बसायचा निरोप आला.

लवकर बऱ्या व्हा आणि आम्हाला रागवा. एवढीच भीक घालावी.

तुमची धाकटी

ता. ३१

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

पत्र वाचलं. तुझ्या डोळ्यांदेखत वाचणं बरं वाटेना, म्हणून तुला चहाला पिटाळलं होतं. परवा घरी सोडणार आहेत. अठरा का लिहिले ते मलाही ठाऊक नाही. सवय मेली माणसाच्या आधी मरत नाही. लाज वाटते, ती वाटू दे.

काल माझा तक्ता मागून घेतला. पोरगी देत नव्हती, मी डोळे वटारले. श्वासाचा रकाना पाहिला. तेहतीस, एकतीस, एकतीस, अठ्ठावीस, एकोणतीस, असे उतरत उतरत पंचवीस, बावीस, शेवटी एकोणीस. सात दिवस, तासातासाला, वेगवेगळ्या अक्षरांत. कुणीही वरचं खाली उतरवलेलं नाही. वरती एकतीस लागोपाठ दोनदा आहेत, त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय की पुन्हा मोजले, एकतीसच.

धाकटे, चौतीस वर्षं मी लोकांच्या उशाशी बसले. माझ्या उशाशी अख्खं मिनिट कुणी बसेल असं कधी मनात आलं नव्हतं. तो कागद वाचून मी रडले. आकडे वाचून रडणारी मी पहिलीच असेन. इतकी मिनिटं तुम्ही सगळ्याजणी माझ्यापाशी बसलात, आणि मी जगले.

तुझी वन्सं